अर्धा इंच

भिशीचा नंबर लागला चैत्रात,
आणि पोत करायची सोडून
मी खिडकी घ्यायचं ठरवलं.
जिंतूर रोडच्या या दोन खोल्यांतली एकच,
मशीन ठेवलंय तिथली, पश्चिमेची,
बाभळीच्या चौकटीची.
पावसाळ्यात फुगायची,
उन्हाळ्यात इतकी सुकायची
की फटीतून दुपार आत येऊन
अस्तराच्या कापडावर पांढरा पट्टा पाडायची.

मोईन मिस्त्री आला, सोबत पोऱ्या कैफ.
लोखंडी टेप खटकन उघडला, खटकन मिटला.
एकदाच.
कैफनं कानामागची पेन्सिल काढली
आणि भिंतीवरच लिहिलं:
सत्तेचाळीस, एक्केचाळीस.
मी सुईत दोरा ओवत होते.
ब्लाउज असता तर मी छाती दोनदा घेतली असती.
पण त्याचं काम, म्हटलं, त्याला कळत असेल.

जुनी काढायला एक तास लागला.
नवी चार दिवसांत, प्रयागबाई, म्हणाला.
अकरा झाले.

अकरा दिवस भिंतीला भोक.
साडी बांधली, ती वाऱ्यानं सोडवली.
खताच्या पिशव्या जोडून पडदा शिवला,
त्यात अठरा नंबरची सुई मोडली.
वावटळ आली ती थेट कात्रीपर्यंत.
द्रुपदाच्या मुलीच्या लग्नाचे सहा ब्लाउज
मी पलंगाखाली, पेटीत, उशीच्या अभ्र्यात लपवले.
येणारा-जाणारा थांबून विचारी,
खिडकी काढली का?
नाही, म्हणायचे, पळून गेली.
रात्री लाइट गेली की मात्र
त्या भोकातून असा वारा यायचा
की मोईनला शिव्या देता देता
मधेच झोप लागायची.

बाराव्या दिवशी आली ॲल्युमिनिअमची,
सरकती, तपकिरी काचेची,
आणि डावीकडं अर्धा इंच कमी.
फोम मारतो, वरून सिलिकॉन,
कळणार पण नाही कुणाला.
मला कळलंय ना, म्हटलं.
भिंतच वाकडी हाय तुमची बाई,
वर एक माप, खाली दुसरंच.

मग गळ्यातला माझा टेप काढला,
आकडे पुसट झालेला,
आणि वर धरला, मध्ये धरला, खाली धरला.
मोईनभाई, वीस वर्षं बायकांची मापं घेतेय.
जिचा एक खांदा उतरलेला नाही
अशी एक दाखवा.
वाकडं असतंच.
म्हणून तर टेप तीन ठिकाणी लावायचा.
कैफ फिसकन हसला.
मोईननं त्याच्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं,
आणि चौकट परत टेम्पोत चढवली.

पुढच्या गुरुवारी बसली.
हलत नाही, वाजत नाही, धूळ नाही.
चपलांच्या आवाजावरून गिऱ्हाईक ओळखून
मी हातातलं काम बदलायचे,
तेवढं आता जमत नाही.
दारात उभी राहिली की कळतं,
आणि तिचा ब्लाउज अजून बेतलेलाही नसतो.
शिवाय रंग.
त्या काचेतून मोरपंखी दोरा हिरवा दिसला,
पहिल्याच आठवड्यात एक फॉल उसवला.
म्हणून दोरा निवडताना काच सरकवते.
तेव्हा लक्षात आलं,
ही पूर्ण कधी उघडतच नाही.
डावी उघडली की उजवीवर जाऊन बसते.
मोईनला फोन लावला,
पैसे अख्ख्या खिडकीचे घेतलेस ना रे?
सरकती म्हणजे तशीच असते, बाई,
असं म्हणून तो बराच वेळ हसत राहिला.

जुन्या दोन झडपा स्टुलांवर आडव्या टाकल्यात.
त्यावर कापड बेतते,
कडीच्या खाचेत खडू बरोबर बसतो.

रंगारी आला तेव्हा
पेन्सिलीच्या आकड्यांवर ब्रश फिरवायला निघाला होता.
तेवढं राहू दे, म्हटलं.
चुकलेलं माप मी वहीतूनही खोडत नाही.
बाई पुन्हा येते,
तेव्हा ते समोर असलेलं बरं असतं.